दोष नारळाचा की रक्ताचा?

रत्नागिरीच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. यजमान चाळिशीचे, अंगाने शिडशिडीत, तरी रक्तातले ‘एलडीएल’ कोलेस्टेरॉल २३० निघाले. सासूबाईंचे एकच पालुपद, “हिला नारळाशिवाय स्वयंपाकच येत नाही!” बाईंनी वाटप बंद केले, घरात धुसफूस सुरू झाली. त्या विचारतात, खरंच माझं चुकलं का?

नाही हो! नारळात कोलेस्टेरॉल मुळीच नसते. त्यातल्या स्निग्धांशाने एलडीएल काहीसे वाढते, म्हणून वाटप बेताने घालावे; पण एवढा आकडा नुसत्या नारळाने सहसा होत नाही.

पत्राच्या शेवटी त्यांनी सहज लिहिले आहे, सासरे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. खरी खूण इथे आहे.

बरेचसे कोलेस्टेरॉल आपले शरीरच तयार करते. रक्तातले जास्तीचे एलडीएल उचलायला यकृताच्या पेशींवर जणू हात असतात. रक्तात ‘पीसीएसके-नाइन’ नावाचे, एन्झाइमांच्या घराण्यातले एक प्रथिन असते. ते हे हात मोडून टाकते. काहींत ते जन्मतःच जास्त जोरकस असते, हे २००३ साली फ्रान्समधल्या कुटुंबांत आढळले. उलट, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, ज्या कृष्णवर्णीयांत ते जन्मतः अधू होते, त्यांचे एलडीएल २८ टक्क्यांनी आणि हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी दिसला. बहुतेक घराण्यांत मात्र खोट त्या हातांतच असते.

असा आनुवंशिक दोष साधारण अडीचशे माणसांत एकाला असतो, आणि त्याच्या प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. म्हणून एलडीएल १९०च्या वर असेल, तर डॉक्टरांना घराण्याची हकिगत सांगा. थायरॉइडही तपासून घ्या. दीर-नणंदांची आणि मुलांचीही तपासणी करा. मुलगी लहान आहे म्हणून थांबू नका. पापण्यांवर पिवळसर चकत्या किंवा टाचेमागच्या शिरेवर गाठी दिसल्या तर दाखवा. गोळ्या दिल्या असतील तर आकडा उतरला म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

बांगडा, तारली जरूर करा. तळण्यापेक्षा कालवण बरे. आणि हो, आता सासूबाईंना बोल लावू नका. रक्त कुणी निवडून आणत नाही. त्यांच्या नातवंडांची तपासणी राहिली आहे, एवढेच त्यांना सांगा.