चिवितावेक्कियाचा धक्का
क्रूझच्या वेळापत्रकात ‘रोम’ असे छापलेले असले, तरी जहाज लागते ते रोमपासून सुमारे ७० किलोमीटरवरच्या चिवितावेक्किया बंदरात. त्यामुळे कोलोसियमपाशी रेंगाळलेल्या प्रवाशाची परतीची गाडी चुकली, की ‘ऑल अबोर्ड’, म्हणजे जहाज सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधी सर्वांनी आत असण्याची वेळ, गाठणे त्याला कठीण जाते. कंपनीच्याच सहलीची बस अडकली तर कप्तान सहसा थांबतो, स्वतंत्रपणे फिरणाऱ्यासाठी मात्र थांबत नाही, आणि हा भेद जाचक वाटला, तरी धक्क्याचे शुल्क व पुढच्या बंदरात ठरलेली जागा पाहता समजण्याजोगा आहे. मागे राहिलेल्याचे पारपत्र बहुधा केबिनमधल्या तिजोरीतून काढून बंदर एजंटाकडे, म्हणजे कंपनीच्या स्थानिक प्रतिनिधीकडे, सोपवले जाते. पुढचे बंदर गाठण्याचा खर्च ज्याचा त्याने सोसायचा.