अर्ज किती करावे?

बारावीचा निकाल लागला की पुढचे पंधरा दिवस आमच्या पारडीसारख्या वस्तीत एकच विषय चालतो. "कुठं भरला फॉर्म?" असे कोणी कोणाला विचारले, की उत्तरात एका कॉलेजचे नाव येते. आणखी कुठे भरला का, असे पुढे विचारले तर समोरचा असा पाहतो, जणू एका मुलीचे लग्न दोन घरी ठरवायला सांगितले आहे! त्या एकुलत्या एका अर्जाविरुद्ध हा लेख आहे.

माझे वडील कळमन्याच्या बाजारात हमाली करतात. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. किती ठिकाणी अर्ज करावा, हे विचारावे असे घरात कोणी नव्हते. तरी मी तीन अर्ज केले, आणि बी.ए.ला येणाऱ्या आमच्यासारख्या विद्यार्थ्याने तीनच करावेत असे माझे मत आहे. एक फार कमी होतो आणि दहा आमच्या खिशाला झेपत नाहीत.

आमच्या प्राध्यापकांपैकी काहीजण यावर हसतील, हे मी जाणून आहे. बी.ए.च्या जागा दरवर्षी रिकाम्या राहतात, मागेल त्याला प्रवेश मिळतो, मग तीन अर्जांची उठाठेव कशाला, असे ते विचारतील. पण विद्यार्थ्याला हवी असते ती नुसती जागा का? जागा मिळाली, आणि विषय? सगळ्या कॉलेजांत सगळे विषय नसतात. कुठे मानसशास्त्र आहे तर पाली नाही, कुठे दोन्ही आहेत पण एकाच वेळी असल्यामुळे एकत्र घेता येत नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणाने मुख्य विषय, गौण विषय अशी पुष्कळ मोकळीक कागदावर दिली आहे. परंतु त्या कॉलेजात तो विषय शिकवायला माणूसच नसेल तर धोरणाने काय करावे? एकच अर्ज करणारा विद्यार्थी विषय निवडत नाही. खिडकीवरचा बाबू जो गट रिकामा आहे तो त्याच्या पुढे सरकवतो, आणि पुढची तीन वर्षे तो मुलगा तो गट वाहतो. माझ्या वर्गात अशी उदाहरणे मला बाक मोजून दाखवता येतील.

नागपुरात निवड करण्याची सोय काही आजची नाही. १८८३ साली हिस्लॉप कॉलेज निघाले, १८८५ साली मॉरिस कॉलेज. विद्यापीठ आले ते १९२३ मध्ये. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीसुद्धा शहरातल्या मॅट्रिक झालेल्या मुलापुढे "हे की ते" एवढा तरी प्रश्न होता. पण तो कोणापुढे होता? हमालाच्या आणि विणकराच्या पोरापुढे नव्हता, मुलींपुढे तर नव्हताच. १९६४ साली दीक्षाभूमीवर डॉ. आंबेडकर महाविद्यालय सुरू झाले, त्याच्या आगेमागे शहराच्या इतर भागांत कॉलेजे निघत गेली, तेव्हा हा प्रश्न हळूहळू आमच्या वस्त्यांपर्यंत चालत आला. इतक्या उशिरा आलेली गोष्ट आम्ही वापरायचीच नाही, याचे मला नवल वाटते.

आता थोडे अकरावीबद्दल बोलले पाहिजे, कारण तिथला हिशोब वेगळा आहे आणि तो पुष्कळांना उलटा समजला आहे. नागपूर शहरात २०१७ पासून अकरावीचे प्रवेश केंद्रीय पद्धतीने होतात, आणि २०२५ पासून ती पद्धत साऱ्या राज्याला लागू झाली. एकाच अर्जात कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा कॉलेजांचा पसंतीक्रम द्यायचा असतो. आमच्या गल्लीतल्या इंटरनेटवाल्याकडे मी मागच्या जूनमध्ये चार-पाच मुलांचे अर्ज भरून दिले. प्रत्येकाचा आग्रह एकच, "ताई, दोनच टाका. जास्त टाकले तं खालचंच लागते." हे साफ खोटे आहे. खालचे नाव लिहिल्याने वरचे मिळण्याची शक्यता रतिभरही कमी होत नाही. यंत्र वरून खाली येते, वरचे लागले तर खालच्याकडे पाहतही नाही. तेव्हा तिथे दहाच्या दहा रकाने भरावेत. त्यांना वेगळा पैसा पडत नाही. सांभाळायचे ते दोन गोष्टींत. दहाही नावे आपल्या टक्क्यांच्या पल्याडची असू नयेत. आणि पहिल्या पसंतीचे कॉलेज लागले तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव जाते. म्हणून पहिले नाव हौसेने नव्हे, बसचे अंतर मोजून लिहावे.

अर्थशास्त्राच्या तासाला या विषयावर एक मजेदार माहिती मिळाली. १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोघा अमेरिकन गणितज्ञांनी कॉलेजप्रवेश आणि लग्ने यांवर मिळून एक निबंध लिहिला. म्हणजे कॉलेज आणि लग्न यांची सांगड घालणारे आमचे पारडीकर एकटे नाहीत! त्यांची अडचण अशी होती की विद्यार्थी अनेक ठिकाणी अर्ज करतो, आणि आपण त्याच्या मनात कितव्या क्रमांकावर आहोत हे कॉलेजला कळत नाही. कॉलेज कोणाला निवडेल हे विद्यार्थ्याला कळत नाही. दोघेही अंधारात. त्यांनी सुचविलेल्या रीतीत विद्यार्थी आपल्या आवडीच्या क्रमाने मागत जातो, आणि मनातला खरा क्रम लपवून त्याचा काही फायदा होत नाही. शॅप्ली यांना २०१२ साली ॲल्विन रॉथ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गेल तोवर हयात नव्हते. इतक्या मोठ्या माणसांनी डोके खपवलेला प्रश्न आपण शेजारच्या मुलाच्या एका वाक्यावर सोडवून मोकळे होतो.

बी.ए.साठी मात्र आपल्याकडे अशी एक यादी नाही. प्रत्येक कॉलेजचा अर्ज निराळा, तारीख निराळी, खिडकी निराळी. इथे प्रत्येक जादा अर्जाला पैसा लागतो आणि दिवस लागतो. मी तीन अर्ज केले त्याला दोन दिवस लागले. प्रजापतीनगरहून मेट्रोने सीताबर्डी, तिथून पायी, पुन्हा आपली बस. झेरॉक्स, फोटो, आणि एके ठिकाणचे माहितीपुस्तक धरून चारशे रुपयांच्या आतबाहेर खर्च आला. आमच्या घरी ही रक्कम लहान नाही. वडील म्हणाले, "तीन कायले व? बसनार तं एकातच ना तू?" मी म्हटले, "बाबा, लिलावात एकच बोली लागली तं शेतकऱ्याले भाव भेटते का?" ते काही बोलले नाहीत, पण पैसे दिले. रोज डोळ्यांपुढे लिलाव पाहणाऱ्या माणसाला ही गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही.

एका कॉलेजच्या खिडकीवर मला सांगण्यात आले की मूळ टी.सी. जोडल्याशिवाय अर्जच घेणार नाही. आता टी.सी. ही एकच असते. ती एका खिडकीत गेली की बाकीचे अर्ज आपोआप संपले. कॉलेजचे नाव मी लिहीत नाही, कारण हा अनुभव एकाच खिडकीचा नाही असे मैत्रिणी सांगतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली याविषयी स्पष्ट सूचना काढली आहे. मूळ कागदपत्रे तपासून विद्यार्थ्याला परत द्यावीत, ती अडकवून ठेवू नयेत. माहितीपुस्तक विकत घेण्याची सक्ती करू नये. प्रवेश रद्द केला तर शुल्क परत द्यावे. शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी रद्द केला तर जवळजवळ पूर्ण, मग ९० टक्के, ८० टक्के, ५० टक्के असे उतरत्या क्रमाने, आणि त्या तारखेनंतर तीस दिवस उलटले की काही नाही. ही सूचना ज्याला ठाऊक असते त्याच्या घरी सहसा आधीच कोणीतरी पदवीधर असतो. मला ती ठाऊक झाली ग्रंथालयात, प्रवेश घेऊन चार महिने झाल्यावर.

मुलींच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. घरचे एकच अर्ज करू देतात, आणि तो कोणता हे विषयावरून ठरत नाही, रस्त्यावरून ठरते. कॉलेज जवळ हवे, सकाळचे हवे, ओळखीची मुलगी तिथे जात असावी. मी या अटींना नावे ठेवणार नाही. संध्याकाळी मुलगी वेळेवर घरी आली नाही तर आईचा जीव कसा होतो ते मी पाहिले आहे. पण म्हणून जवळचे कॉलेज तिसऱ्या अर्जात घालावे, पहिल्यात नाही. माझे तीन अर्ज असेच होते. पहिला, जिथला मराठी विभाग चांगला म्हणून ऐकले होते आणि जिथे यादी कुठवर उतरेल याचा भरवसा नव्हता. दुसरा, जिथे माझे टक्के पुरत होते आणि मला हवे ते तिन्ही विषय एका गटात होते. तिसरा, जिथे मेट्रो, बस सारे बंद पडले तरी पायी पोचता आले असते. तिन्ही ठिकाणी मी खुशीने गेले असते, ही त्यातली मुख्य अट. जिथे जायचेच नाही तिथे नुसता अर्ज टाकून ठेवणारे पुष्कळ असतात. त्यांच्यामुळे पहिली यादी फुगते आणि खऱ्या गरजूचे नाव तिसऱ्या यादीपर्यंत लोंबकळते. मला प्रवेश मिळाला तो दुसऱ्या ठिकाणी, म्हणजे इथे.

बाहेरच्या देशांत काय चालते, म्हणून पाहिले. इंग्लंडमध्ये पदवीच्या एका सामाईक अर्जात पाचच ठिकाणे लिहिता येतात, आणि ऑक्सफर्ड व केंब्रिज या दोन्हींसाठी त्याच वर्षी सहसा अर्ज करता येत नाही. अमेरिकेत पुष्कळ कॉलेजांनी मिळून चालविलेल्या सामाईक अर्जात वीस नावे घालता येतात. मात्र अर्जाचे शुल्क बहुतेक कॉलेजांचे ज्याचे त्याला. वीस अर्ज तिथेही सगळ्यांना परवडत असतील असे मला वाटत नाही. पाच हा आकडा मला समजूतदार वाटतो, पण तो एका अर्जात पाच असा आहे. आपल्या विद्यापीठाने बी.ए.साठी एकच अर्ज आणि त्यात पाच नावे अशी सोय केली, तर माझा तीनचा आग्रह मी त्याच दिवशी सोडीन.

तोपर्यंत आपल्याच कॉलेजला करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. निकालानंतरचे पंधरा दिवस फाटकापाशी, झाडाखाली, एक टेबल आणि चार खुर्च्या मांडाव्यात. द्वितीय व तृतीय वर्षाचे विद्यार्थी आळीपाळीने बसतील. इथे कोणते विषय मिळतात हे तर सांगावेच, पण इथे कोणते मिळत नाहीत आणि ते शहरात कुठे मिळतात हेही सांगावे. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरतात, उत्पन्नाच्या दाखल्याला सेतू केंद्रात किती दिवस लागतात, टी.सी. मूळ द्यायची की झेरॉक्स, एवढे सांगणारे कोणी असले तरी पुरे. आपले विद्यार्थी दुसरीकडे पाठवायचे का, असा आक्षेप यावर येईल. ज्याला पाली शिकायचे आहे त्याला इथे बसवून आपण काय मिळवणार आहोत? रासेयोच्या सरांना मी हे तोंडी सांगितले आहे. त्यांनी लेखी मागितले आहे. टेबल ग्रंथालयात जादा पडून आहे. सकाळच्या पाळीला मी बसेन, दुपारच्या पाळीसाठी दोघांची नावे हवी आहेत.