जमिनीतली ऊब: कोणाच्या वावरात, कोणाच्या कामाची?



केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये भू-औष्णिक ऊर्जेचं राष्ट्रीय धोरण काढलं. त्यात वीज तर आहेच, पण जमिनीतली उष्णता पाइपनं थेट घरांना देणे, हरितगृह गरम ठेवणे, शीतगृह चालवणे, मत्स्यपालन, हे पण आहे. तेव्हापासून दोन प्रश्न सारखे येत आहेत. आपल्या बुलढाण्यात खोल बोअर मारला तर गरम पाणी लागेल का? आणि लागलं तर त्याच्यावर हळद, मका वाळवता येईल का?

माझं मत आधीच सांगतो. गरम पाण्यासाठी आपल्याकडं एक रुपयाही बोअरमध्ये घालू नका. पण जिथं हे पाणी निसर्गानंच वर आणून दिलं आहे, तिथल्या शेतकऱ्यानं आपला हक्क आत्ताच मागितला पाहिजे. आणि आपल्या विहिरीत जी थोडीशी ऊब आहे, ती आपण फुकट घालवतो.

आधी बोअरचा हिशोब. जमिनीत खाली जावं तसं तापमान किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. आपल्याकडं वरच्या थरातलं पाणी २५ ते २८ अंशांचं असते. ५०० फुटांचा बोअर म्हणजे दीडशे मीटर, तिथं वाढ फक्त चार अंश. १००० फुटांवर आठ-नऊ अंश. हळद वाळवायला ५५-६० अंशांची हवा पाहिजे, म्हणजे पाणी ६५ च्या पुढचं पाहिजे. त्यासाठी जवळजवळ दीड किलोमीटर, म्हणजे साडेचार हजार फुटांच्या वर जावं लागेल. तेही आपल्या काळ्या पाषाणात. आणि तेवढं खाली भेगा नसतील तर खडक गरम आणि कोरडा. उद्या कोणी "गरम पाण्याचा पॉइंट काढून देतो" म्हणत आला, तर त्याला चहा पाजा आणि वाटे लावा.

काही जण लोणारचं नाव घेतात. लोणारचं विवर उल्का पडून झालं आहे, ज्वालामुखीनं नाही. त्या धडकेची उष्णता केव्हाच निवली. तिथं चूल पेटलेली नाही.

मग महाराष्ट्रात गरम पाणी कुठं आहे? गावांची नावंच सांगतात. "ऊन" म्हणजे गरम; आपण अजूनही "ऊन ऊन भाकर" म्हणतोच. दापोली तालुक्यातलं उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे, चोपडा तालुक्यात अडावदजवळचं उनपदेव, किनवट तालुक्यातलं उनकेश्वर. ठाणे-पालघरकडं वज्रेश्वरी-गणेशपुरी, आणि मोर्शी तालुक्यात मध्य प्रदेशच्या सीमेवर सालबर्डी. तिथंही ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी भेगांमधून खूप खोल जाते, तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. उनपदेव आणि सालबर्डी सातपुड्याच्या पायथ्याला आहेत. तापी आणि नर्मदेच्या बाजूनं जमिनीत जुन्या मोठ्या भेगा आहेत, त्यांच्याच आसपास हे झरे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं देशात अशी ३८१ ठिकाणं नोंदवली आहेत.

आता पुढचा प्रश्न. उनपदेवची उष्णता पाइपनं मलकापूरला आणता येईल का? नाही. का नाही, ते समजून घेण्यासारखं आहे.

आइसलँडमध्ये दहापैकी नऊ घरं जमिनीतल्या उष्णतेवर गरम राहतात. तिथं पाइपनं गरम पाणी पहिल्यांदा घरात आणलं ते १९०८ च्या सुमारास एका शेतकऱ्यानं, आपल्या शेताजवळच्या झऱ्यावरून. सरकार नंतर आलं. १९३० मध्ये राजधानी रेक्याविकमध्ये, बाया जिथं कपडे धुवायच्या त्या झऱ्यांवरून तीन किलोमीटरची लाईन टाकली आणि शाळा, दवाखाना, काही डझन घरं गरम केली. आज तिथं नेस्याव्हेत्लीर नावाच्या ठिकाणाहून २७ किलोमीटर लांब पाइपनं पाणी येते आणि वाटेत दोन अंशांच्या आतच निवते.

म्हणाल, मग आपण का नाही? कारण तो पाइप जाडजूड, चांगला गुंडाळलेला, आणि त्यातून सगळ्या शहराचं पाणी धावते. पाइप जितका जाड आणि पाणी जितकं जास्त, तितकी वाटेतली गळती कमी. लहान झऱ्याचं पाणी बारक्या नळीतून नेलं तर ते दोन-तीन किलोमीटरमध्येच कोमट होईल. उष्णतेचं गणित उसासारखं आहे. कारखाना जवळ असला तर ऊस परवडतो, लांब नेला तर वाहतुकीतच वजन आणि पैसा जातो. म्हणून ही उष्णता जिथं निघते, तिथल्याच दोन-चार गावांची.

आणि आपल्याला घर तापवायचं नाही. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला उष्णता पाहिजे ती वाळवायला, शिजवायला, आणि ऐकून नवल वाटेल, पण गार ठेवायलाही. हिमाचलात मणिकरणला गरम झऱ्याच्या उष्णतेवर ७.५ टनांचं लहान शीतगृह प्रयोग म्हणून चालवलं होतं. केनियात नैवाशा तळ्याकाठी गुलाबाची पॉलिहाऊसेस रात्री जमिनीतल्या उष्णतेनं उबदार ठेवतात. त्यामुळं आतली आर्द्रता कमी होते आणि बुरशी कमी येते, म्हणजे फवारणीचा खर्च वाचतो. आपल्या पॉलिहाऊसवाल्यांना पहाटेचा दव आणि भुरी काय असते, ते सांगायला नको.

एक धोका मात्र आहे. झऱ्याचं गरम पाणी बहुतेक वेळा क्षारांचं असते. खारपाणपट्ट्यातल्या कास्तकाराला क्षारांचं दुखणं माहीत आहे. ते पाणी वावरात सोडायचं नाही, त्याची फक्त उष्णता घ्यायची. डेअरीत पाश्चरायझरच्या प्लेटा असतात ना? एका बाजूनं गरम पाणी, दुसऱ्या बाजूनं दूध, मध्ये पातळ पत्रा. उष्णता इकडून तिकडं जाते, पाणी दुधात मिसळत नाही. इथंही तसंच करायचं, आणि वापरलेलं पाणी परत जमिनीत सोडायचं. नाहीतर झरा आटेल किंवा खालचा नाला खराब होईल. लडाखमध्ये पुगा खोऱ्यात २०२२ मध्ये बोअर खोदताना आतलं पाणी बाहेर येऊन ओढ्यात गेलं आणि काम थांबवावं लागलं. हे विसरून चालणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. उनपदेव, उनकेश्वर, सालबर्डीच्या आसपासच्या ग्रामपंचायती आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आत्ताच ठराव घ्यावा, की इथली उष्णता कोणाला द्यायची असेल तर पहिला वाटा गावाच्या वाळवणी केंद्राचा आणि केळी पिकवणी केंद्राचा. कुंडं आणि देवस्थान जसंच्या तसं राहील, हीही अट त्यातच. कंपनी आल्यावर ठराव घेऊन उपयोग नाही. वाळू आणि गिट्टीच्या बाबतीत आपण काय बघितलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता आपल्या जिल्ह्याचं काय?

आपल्याकडं उष्णतेचं जाळं आधीच टाकलेलं आहे. त्याचं नाव ठिबक. डिसेंबर-जानेवारीत पहाटे विहिरीचं पाणी हाताला कोमट लागते. पाणी तापलेलं नसते, हवा गारठलेली असते. जमीन वर्षाची सरासरी धरून बसते. घाटाखाली जळगाव जामोद, संग्रामपूरकडं पारा ८-१० वर आला की केळीला चरका बसतो, पानं पिवळी पडतात, घड अडकतो. अशा वेळी कृषी विद्यापीठं रात्री किंवा पहाटे विहिरीचं पाणी द्या, बांधावर धूर करा, असं सांगतात. त्यामागं हाच हिशोब आहे.

आकडा काढून बघू. पाच बाय सहा फुटांवर एकरी साधारण १४५० झाडं. झाडाला १० लिटर पाणी म्हणजे १४,५०० लिटर. ते २५ अंशांवरून १५ पर्यंत निवलं तर वावरात सुमारे ६०० मेगाज्यूल उष्णता सोडते. विजेच्या भाषेत जवळजवळ १७० युनिट, आणि पऱ्हाटीच्या भाषेत चाळीसेक किलो वाळलेली पऱ्हाटी जाळल्यासारखं. फरक एवढाच की पऱ्हाटीची उष्णता वर उडून जाते, पाण्याची बुडापाशी राहते. शिवाय ओली जमीन खालची ऊब वर आणते, कोरडी भुसभुशीत जमीन आणत नाही.

यात तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१) थंडीच्या रात्री पाणी थेट विहिरीतून किंवा बोअरमधून द्या. शेततळ्याचं पाणी उघड्यावर रात्रभर निवलेलं असते.

२) मेन लाईन जमिनीत गाडलेली असू द्या. उघड्या पाइपमध्ये पाणी बांधावरच गार होते. बारीक नळीत निवते, ते चालते, कारण ती उष्णता तुमच्याच वावरात सांडते.

३) पाणी मोजून द्या. चिभडलेल्या वावरात मुळ्या कुजतात, आणि मग थंडीपेक्षा पाण्यानंच जास्त नुकसान होते.

आता खरी अडचण. हे पाणी पहाटे ३ ते ६ मध्ये पाहिजे, आणि आपण सगळे दिवसाच्या लाईनीकडं चाललो आहोत. सौर पंप तर सूर्य असेपर्यंतच चालतो. दिवसाची लाईन मिळाली हे चांगलंच झालं. रात्रीच्या लाईनीपायी साप, रानडुक्कर, अंधार, किती घरांनी काय काय सोसलं, ते आपल्याला माहीत आहे. ती रात्रपाळी पुन्हा आणा, असं मी म्हणत नाही. मागणी एवढीच आहे: हवामान खात्यानं थंडीच्या लाटेचा इशारा दिला, की केळीच्या गावांच्या फीडरवर त्या तीन-चार रात्री पहाटे तीन तास लाईन द्या. वर्षातून मोजक्या रात्रींचा प्रश्न आहे. ऑटो स्टार्टर असलेल्या माणसाला अंथरुणातून उठायचीही गरज नाही. सौर पंपवाल्यांसाठी गावात एखादा सामायिक वीजजोड ठेवता येईल का, हे महावितरण आणि कृषी खात्यानं बसून ठरवावं.

मोठ्या धोरणातून आपल्या वाट्याला एवढंच येते, असं कोणाला वाटेल. पण चरक्यानं अडकलेल्या एका घडाची किंमत ज्यानं व्यापाऱ्यासमोर उभं राहून ऐकली आहे, त्याला हे "एवढंच" वाटणार नाही.

एक काम सगळ्यांनी करा. साधा थर्मामीटर घ्या. पुढच्या थंडीत पहाटे ५ वाजता तीन आकडे लिहा: हवा, विहिरीचं पाणी, शेवटच्या ड्रिपरचं पाणी. सोबत गाव आणि विहिरीची खोली. घाटावरचे आणि घाटाखालचे शंभर आकडे जमले, तर फीडरची मागणी घेऊन आपण रिकाम्या हातानं जाणार नाही.