वाईच्या वाड्यांची नोंद आपणच करूया

वाडा एकदम पडत नाही, तो उतरवला जातो. आधी कौलं, मग वासे, मग तुळया. शेवटी सागवानी खांब रस्त्याकडेला ओळीने आडवे होतात आणि जुन्या लाकडाचा व्यापारी त्यांना टेप लावतो. थोड्याच दिवसांत जागा मोकळी. कित्येक पिढ्यांचं घर गेलं, आणि ते कसं होतं याची कुठे नोंदही नाही.

वाईकरांनो, हे आपण सगळेच पाहतो आहोत. हळहळतो आणि पुढे जातो. आता थोडं थांबूया.

ढोल्या गणपतीचं देऊळ आपण जपतो. मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडाही उभा आहे. पण वाई तेवढीच नाही. घाटाकडे उतरणारे बोळ, दिंडीदरवाजे, ओसऱ्या, चौकातली तुळशीवृंदावनं मिळून वाई होते. कृष्णाबाईचा उत्सव घाटाघाटांवर पाळीपाळीने होतो, तो आळ्यांच्या जिवावर. आळीतली घरंच गेली, तर उत्सवाला मांडव उरेल, आळी उरणार नाही.

या घरांत शहाणपणही आहे. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत पाहा. गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये ते बांधलं. ही भिंत माशासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. वाड्यांचंही तसंच. जाड भिंती आणि मधला चौक वैशाखातही माजघर गार ठेवतात. चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर पडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला, की तीच ओल पोटात कोंडते आणि वीट भुसभुशीत होते. चुकीची दुरुस्तीही वाडा पाडते.

पण दोष मालकांना द्यायचा नाही. गळकं छप्पर, दहा वाटेकरी, डोईजड खर्च. त्यांची अडचण खरी आहे. त्यांना एकटं सोडलं, ही आपली चूक.

कायदा आपल्या बाजूने आहे. विकास आराखड्यात ऐतिहासिक आणि वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या जागांचं जतन धरावं, ही तरतूद १९६६ च्या नगररचना अधिनियमातच आहे. मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली आणली. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने वारसा जतनाचे नियम छोट्या नगरपरिषदांपर्यंत पोचवले. वारसा वास्तूमुळे मालकाचे बांधकामाचे हक्क बुडाले, तर त्या बदल्यात टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, देण्याची सोयही तिच्यात आहे. पण या सगळ्याची सुरुवात यादीपासून होते. यादीत नाव नाही, तर संरक्षणही नाही.

मग यादी करूया. रविवारी सकाळी चार-पाच जणांनी एक आळी वाटून घ्यावी. सोबत वही आणि मोबाइल. मालकांची परवानगी घेऊन दरवाजा, जोतं, खांब, कडीपाट यांचे फोटो काढावेत. घरातल्या आजींना विचारून वाड्याची हकिगत लिहून घ्यावी. शिक्षकांनी मुलांना सोबत आणावं. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी मापं घेऊन नकाशे काढावेत.

ही यादी सगळ्यांनी मिळून नगरपरिषदेत द्यावी आणि वारसा यादीची मागणी करावी. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, की मुदतीत लेखी हरकती-सूचना द्याव्यात. एका अर्जाकडे काणाडोळा होऊ शकतो, पाचशे अर्जांकडे होत नाही.

वाडेमालकांना एकच विनंती: पाडायचं ठरवण्याआधी जुन्या बांधकामाचा जाणकार एकदा बोलवा. पुष्कळदा चार वासे आणि पन्हळ बदलली, तरी घर सावरतं. चुन्यात काम करणारे गवंडी अजून आहेत; त्यांना काम मिळालं, तरच पुढची पिढी ते शिकेल.

आपलं गाव तर नोंदींचं गाव. १९६० मध्ये स्थापन झालेल्या मंडळातून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम इथेच उभं केलं. जगभरच्या विषयांच्या नोंदी या गावात तपासल्या गेल्या. आपल्याच आळीतल्या घरांची नोंद तेवढी राहून गेली आहे. ती आता आपल्या हातची आहे. येत्या रविवारी वही घेऊन निघूया.