घर तिचे, भाडेकरार कुणाचा?

‘घर माझ्या नावावर आहे, पण भाडं किती येतं ते ह्यांना विचारावं लागेल.’ केंद्रावर सल्ल्यासाठी आलेल्या एका बाईंचे हे वाक्य बरेच दिवस मनातून जात नाही. बाई शिकलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या. मुदत संपूनही भाडेकरू घर सोडत नाही, ही त्यांची तक्रार. करार कुठे आहे, असे विचारल्यावर म्हणाल्या, ‘सही केली होती. वाचलं नव्हतं.’ करार नोंदवलेलाच नव्हता, हे नंतर कळले.

घर आणि जमीन बाईच्या नावावर व्हावी, ही आपली जुनी मागणी. त्यासाठी मोर्चे निघाले, शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्तीची मोहीम गावोगावी गेली. आता महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावाने घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. त्यामुळे दस्तावर बाईचे नाव लावायला घरातले पुरुषही तयार होतात. पण दस्तावर नाव आले म्हणजे घर हाती आले का? भाडे ठरवतो नवरा, अनामत रक्कम जमा होते मुलाच्या खात्यात आणि दलाल फोन करतो दिराला. बाईच्या वाट्याला येते ती फक्त सही. आयकर कायद्याला ही रीत चांगली ठाऊक आहे. नवऱ्याने मोबदल्याशिवाय बायकोच्या नावावर केलेल्या घराचे भाडे त्याचेच उत्पन्न धरले जाते.

मालकीण व्हायचे तर मालकाच्या जबाबदाऱ्याही समजून घ्यायला हव्यात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि तो नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने भाडेकरूवर नव्हे, मालकावर टाकली आहे. करार नोंदवला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. मालकाला शिक्षा करण्याची तरतूदही त्याच कलमात आहे. म्हणजे उद्या जाब द्यावा लागेल तो नवऱ्याला नव्हे, जिचे नाव दस्तावर आहे तिला.

करार नोंदवलेला असेल तर हाच कायदा तिच्या बाजूने उभा राहतो. मुदत संपूनही राहते घर सोडले नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. दिवाणी दाव्यासारखी वर्षानुवर्षे वाट पाहण्याची ती वाट नाही. शिवाय मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. ‘भाडेकरू घर बळकावतो’ ही भीती घराघरात बसली, त्यालाही कारण आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारावर जागेत असलेल्यांना तेव्हाच्या दुरुस्तीने भाडेकरूचे संरक्षण मिळाले, आणि अनेक मालकांनी त्यानंतर घरे कुलूप लावून रिकामी ठेवली. आजचा कायदा वेगळा आहे. कागद नीट असेल तर घाबरायचे कारण नाही. मात्र पाणी तोडून किंवा कुलूप बदलून कुणाला बाहेर काढण्याचा मार्ग तेव्हाही बेकायदा होता, आजही आहे.

आता आपल्याच दारात थोडे डोकावू. ‘एकट्या मुलींना देत नाही, उगाच जबाबदारी नको.’ हे वाक्य आपल्यातल्याच घरमालकिणी सहज बोलतात. नवऱ्याला सोडून आलेली, घटस्फोटित, परगावी नोकरीला आलेली बाई घर शोधायला निघते तेव्हा तिला नकार देणाऱ्यांत बायकाही असतात. तिच्याकडे कोण येते, ती किती वाजता परतते, या चौकश्या पुरुष भाडेकरूला कोणी करत नाही. घरमालकिणीने पाहायचे ते इतकेच, की भाडे वेळेवर येईल का, घर नीट राहील का, ओळखीची कागदपत्रे पुरी आहेत का आणि पोलिसांना द्यायची माहिती दिली का. या चार गोष्टींचा तिच्या कपाळावरच्या कुंकवाशी काय संबंध?

आणखी एक साधी गोष्ट आपल्या हातात आहे. जोडप्याला घर देताना करारात दोघांची नावे घाला. बहुतेक करारांत नाव फक्त नवऱ्याचे असते. तो भाडे थकवून निघून गेला, की मागे राहिलेल्या बाईला ‘तुमचा काय संबंध?’ असे विचारले जाते. २००५ सालच्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने भाड्याच्या घरातही तिचा राहण्याचा हक्क मानला आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने बी. पी. अचला आनंद खटल्यात सांगितले, की नवऱ्याने टाकलेली पत्नी, घटस्फोट झालेला नसेल तर, घर खाली करण्याच्या दाव्यात स्वतः उभी राहू शकते. पण हा हक्क कोर्टात जाऊन मिळवावा लागतो. करारात नाव असेल तर ती पहिल्या दिवसापासून करारातली एक बाजू असते, आणि भाड्याची जबाबदारी दोघांवर येते म्हणून घरमालकिणीचाही त्यात फायदाच आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, ज्यांच्या नावावर घर आहे त्यांनी एवढे करावे. कपाटातला करार काढून स्वतः वाचावा. तो नोंदवला आहे का, मुदत कधी संपते, अनामत किती आहे, हे वहीत लिहून ठेवावे. भाडे स्वतःच्या खात्यात जमा करून घ्यावे. आणि पुढच्या वेळी एखादी एकटी बाई घर विचारायला आली, तर तिला आत बोलावून बसायला सांगावे. आपणही कधीतरी अशाच कुणाच्या तरी दारात उभ्या होतो.