रंग मागाहून, आधी पाऊस!

भंडारदऱ्याहून एका भगिनीचं पत्र आलंय. घराच्या पुढच्या पडवीत खानावळ काढायची आहे. एक पाटली मोडली, दुसरीही मोडायची तयारी आहे; भिंतींना रंग कोणता द्यावा, असं विचारतात. बाई, रंगाचं मागाहून पाहू! तुमच्याकडे पाऊस घाटमाथ्याचा. 1926 साली पुरं झालेलं ते धरण, रंधा धबधबा पाहून आलेली मंडळी निथळतच आत शिरणार. तेव्हा दाराबाहेर रेनकोटांना खुंट्या आणि तिथेच हात धुवायची मोरी हवी. खाली गुळगुळीत टाइल्स नकोत. खरबरीत शहाबादी फरशी घाला, मोरीकडे उतार देऊन. टेबलांना सनमायका दिसतो छान, पण ओलीने कडा सुटतात, कडप्पाच बरा. दोन टेबलं कमी मांडा, पण वाढपिणीला ताट घेऊन वळता आलं पाहिजे. (ती वाढपीण बहुधा तुम्हीच!) बायकांसाठी आतून कडी लागणारा संडास मात्र 'पैसे उरले तर' नव्हे, आधी बांधा. मेअखेरीस काजवे पाहायला माणसं येतात, तेव्हा अंगणात झगझगीत ट्यूब नको. उजेडाने काजवे बिचकतात. पिवळा दिवा लावा, तोही खाली वळवलेला.

आणि भिंती? चुन्याची सफेदी. ओल धरली तरी दिवाळीला घरच्या घरी पुन्हा हात मारता येतो. दुसरी पाटली राहू द्या हातात.