घोड्याचें गवत : मोजून कीं तोलून?

घोड्यासाठीं वाळलें गवत घेतांना पुष्कळ शेतकरी शेंकडा पेंढ्यांचा भाव ठरवून मोकळे होतात. ही रीत आम्हांस मान्य नाहीं. पेंढी बांधणाराची मूठ लहानमोठी असते. ३५० किलो वजनाच्या घोड्यास मात्र रोज सुमारें ५ ते ७ किलो सुकी वैरण लागते. तेव्हां गवत तोलूनच घ्यावें, व गंजीच्या पोटांतली पेंढी ओढून, सोडून, हुंगून पाहावी. हिरवट रंग व गोडसर वास असेल तर उत्तम. पांढुरकी धूळ उडाली कीं सौदा मोडावा. असलें बुरसट गवत बैलासही बाधतें. घोड्यास तर ओकारीही करतां येत नाहीं. त्यास खोकला व पोटशूळ जडतो.

खरा दोष मात्र कापणींतच आहे. कारकुनींत आम्हीं कुरणांच्या लिलावांचे कागद लिहिले. ते पुरे होऊन विळा लागेपर्यंत दिवाळी उलटे, पवन्या पिवळा पडे व कुसळीचें कुसळ पिकून धोतरास टोंचे. गवत फुलोऱ्यावर असतांना कापलें तरच त्यांत कस राहतो. आमचे वडील घटस्थापनेपासूनच आकाशाकडे पाहूं लागत. उघडीप मिळतांच कापणी, दोन दिवस पसरणी, आणि सांजेचें दंव पडण्यापूर्वीं पेंढ्या. तो वास अजून आठवतो. हल्लीं घोडीं थोडीं राहिलीं, हें खरें. पण ज्याच्या दारीं आहे त्यानें सौदा उभ्या कुरणावर करावा, व कापणीचा दिवस करारांत लिहून घ्यावा.